साठा नोंदवही

मी इथला भांडारपाल. नाव इयोर्वुएसे,
पण मुलं मला 'किल्ल्या' म्हणतात.
कमरेला सतरा आहेत. त्यातल्या चार
कुठल्याच कुलपाच्या नाहीत.
त्याही वहीत आहेत: किल्ल्या, लोखंडी, नग सतरा.

प्राचार्य दूसूर अकाआ रुजू झाल्या त्या दिवशी
हरमॅटनची धूळ इतकी, की फाटकावरची पाटी वाचेना.
बाईंनी ती तळहाताने पुसली,
तळहात पाहिला,
आणि विचारलं, "या शाळेत फडकी किती?"
मी वही उघडली.
नायजेरियातल्या सरकारी शाळेत काय काय नसतं
त्याची माझी यादी लांब आहे, पण फडकी
कुणी मागितलीच नव्हती.

पगार चार महिने आला नव्हता.
रसायनशास्त्राचे शिमा सर बाजाराच्या दिवशी गायब,
पोत्यावर बसून याम विकत.
बाजार आमच्याकडे दर पाचव्या दिवशी,
शाळेचा आठवडा सातांचा;
त्यामुळे बाजार सोमवारी, मग शनिवारी, मग गुरुवारी,
आणि कार्बनची संयुगं कायम मधल्या मध्ये लटकलेली.
आधीच्या साहेबांनी त्यांना तीन मेमो दिले होते.
बाईंनी मेमो वाचले, फायलीत परत लावले,
आणि पुठ्ठ्याचं एक वेळापत्रक बनवलं
कपडे वाळवायच्या चिमट्यांचं.
बाजार सरकला की शिमा सरांचा तास
चिमट्यासकट सरकतो.
चिमटे, लाकडी, नग चाळीस.
पैसे बाईंच्या पर्समधले.
ते कुठल्या रकान्यात लिहू, हे मी विचारलं नाही.

उपप्राचार्य तेर्कुरा म्हणाले, "उद्या सगळेच चिमटे मागतील."
मागितले. दोघांना मिळाले. तिसऱ्याला नाही,
कारण त्याचं शेतही नव्हतं आणि दुकानही नव्हतं,
नुसती झोप होती.

देवमाणूस वगैरे नाहीत त्या.
दोन खडू कमी भरले म्हणून न्गुनान मॅडमना
सगळ्या स्टाफरूमसमोर बोलल्या. खडू निघाले
त्यांच्याच पिशवीत, चष्म्याच्या डबीखाली.
माफी मागितली नाही.
दुसऱ्या सकाळी न्गुनान मॅडमच्या टेबलावर
खडूचा नवा डबा होता, न फोडलेला,
आणि मॅडमनी तो आठवडाभर
तसाच ठेवला.

मग कपाट क्रमांक नऊ.
नऊ वर्षं मी दर डिसेंबरला लिहीत आलो:
सूक्ष्मदर्शक, एक, सुस्थितीत.
दर डिसेंबरला कुलूप हलवून बघायचो. कुलूप सुस्थितीत होतं.
बाईंनी उघडायला लावलं.
काचेवर बुरशी, करड्या जाळ्याची,
आणि खोक्यात मुंग्यांचं वारूळ होतं.
"छान सांभाळलंत," म्हणाल्या. टोमणा होता की नाही,
अजून मला ठरवता आलेलं नाही.

रात्रीचा राखणदार ओर्शिओ पूर्वी चष्म्याच्या दुकानात होता,
हे कुणाला माहीत होतं? त्याच्या अर्जावर होतं.
बाईंनी सगळ्यांचे अर्ज वाचले होते,
चौकीदारांचे, आचाऱ्यांचे, माझासुद्धा.
(मी लिहिलं होतं: छंद, ढोल वाजवणे. सतरा वर्षांपूर्वी.)
ओर्शिओने स्पिरिट आणि जुनी बनियन घेऊन
पाच रात्री काच पुसली.

आंब्याच्या झाडाखाली जीवशास्त्राच्या तासाला
एकशे बारा मुलं रांगेत उभी.
कांद्याची साल एकच.
त्र्याहत्तराव्या मुलाने, अवारने, नाव विसरणार नाही,
स्क्रू उलटा फिरवला आणि
काच पट्टीसकट तडकली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच फोडली.
बाई आल्या. तडा बघितला.
"उरलेली एकोणचाळीस उद्या," म्हणाल्या,
"ओर्शिओकडे जुन्या चष्म्यांच्या काचा आहेत का विचारा."

संध्याकाळी वही घेऊन बसलो.
रकाने तीन: सुस्थितीत, नादुरुस्त, गहाळ.
पट्टी घेऊन चौथी रेघ मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना.
जनरेटर गेला होता, डिझेल शनिवारपर्यंत नाही,
आणि अंधारात कुणीतरी
ऑफिसच्या दारावर ढोल ठेवून गेलं होतं,
कातडं सैल पडलेला.
नग एक.