भुईभाडं

आमच्या स्वयंपाकघराखाली चार स्वयंपाकघरं आहेत,
त्यांच्याखाली गाड्या,
गाड्यांखाली जी वाळू आहे
तिचं भाडं मी दर जानेवारीत भरते.
पावती उजवीकडून डावीकडे वाचायची.
तेवढी अरबी आता येते मला:
आमचं आडनाव, आकडा, आणि जमीन.

घर आमचं, नव्व्याण्णव वर्षांच्या बोलीवर.
राहण्याचा शिक्का दोन वर्षांचा.
हा हिशेब मी कुणाला समजावत बसत नाही.

नवा नियम निघाला त्या दिवशी ह्यांनी
अजमानच्या अर्ध्या मिठाईवाल्यांना विचारून
कंदी पेढे शोधून आणले.
भुई विकत घ्या, भाडं कायमचं मिटवा,
नव्वद दिवसांत निकाल.
त्याला तीन वर्षं झाली, वर एक रमजान.

पहिला अर्ज परत आला, दळवीत एक ‘एल’ जास्त होता.
दुसरा, प्लॉटचा नंबर मध्येच बदलला म्हणून.
तिसऱ्याचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही.
चौथ्या वेळी टायपिंगवाल्या मोइदूने पैसेच घेतले नाहीत.
म्हणाला, चेची, आता हा माझाही अर्ज आहे.

काउंटरवरची शम्सा वाईट नाही.
गुडघ्याची चौकशी करते, खजूर पुढे सरकवते
आणि म्हणते, बुक्रा.
बुक्रा म्हणजे उद्या, हे मी एका दिवसात शिकले.
बुक्रा म्हणजे उद्या नव्हे, हे अजून शिकते आहे.

हे चहाच्या आधी मोबाइल उघडतात.
प्रक्रियेत.
चहानंतर पुन्हा.
जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढलेला माणूस,
केसभर रेघ हलली तर रात्रभर कूस बदलणारा.

शेवटी शम्सानेच आवाज खाली करून सांगितलं:
जमीनमालक वारले, अकरा वारस,
दहा सह्या झाल्या, एक म्हातारी अडून आहे.
मला हसू फुटलं. ती दचकली.
तिला कसं सांगू, देवरुखला आमच्या सातबाऱ्यावर
तेवीस नावं आहेत, आणि त्यातली सात
सही करायला देवाघरून यायची आहेत.

म्हातारी एका गुरुवारी आली. सलामा नाव.
चेहऱ्यावर जुन्या वळणाचा सोनेरी बत्तूला,
एक हात नातवाच्या खांद्यावर.
सोफ्यावर बसली नाही.
आजीला समुद्र कुठल्या बाजूला ते हवंय, नातू म्हणाला.
दाखवला. म्हणजे समोरच्या दोन टॉवरमधली फट दाखवली.
त्या फटीकडे पाठ करून ती पावलं मोजत निघाली,
दिवाणखान्यातून, फ्रिजला वळसा घालून,
आणि सिंकपाशी थांबली.

इथे विहीर होती, नातू म्हणाला.
गोड्या पाण्याची. आजीची आई भरायची.

किती खोल? ह्यांनी विचारलं. मराठीत.
नातू गोंधळला. ती नाही.
तिने दोन्ही हात डोक्यावर ताणले,
खाली सोडले, पुन्हा ताणले, आणखी एकदा.
तीन परस, हे पुटपुटले.

सही केली नाही तिने. चहा मात्र दोनदा घेतला.
निघताना माझा हात धरून बरंच काही बोलली,
नातवाने त्यातलं एवढंच सांगितलं:
विचारतेय, भाडं किती घेतात तुमच्याकडून.
आकडा ऐकून ती
आमच्यापेक्षा जास्त खजील झाली.

अर्जासोबतच्या नकाशात ह्यांनी काल
सिंकच्या जागी एक वर्तुळ काढलं,
आत बारीक अक्षरात: विहीर, तीन परस.
मोइदू म्हणतो, असला नकाशा लावला
तर पाचवाही परत येईल.
येऊ दे, म्हणाले हे,
आणि टोक काढायला घेतली पेन्सिल
नीट संपेपर्यंत तासत बसले.

परवा एक तारीख. जानेवारी.
भाड्याचे पैसे मी
तांदळाच्या डब्यावर काढून ठेवलेत.