दुसरी पाळी

सातपूरला कंपनीच्या गेटवर
टाइमकीपर विचारतो, पाळी कुठली?
दुसरी, म्हणते मी.
महिन्यातली दुसरीच. खोटं कुठंय.

तीन पॅड डब्याच्या पिशवीत, चौथं अंगावर.
उठताना मागे वळून स्टूल बघणारी मान
आता रविवारी घरातही वळते.
त्याआधीचे आठ दिवस तर
पोळी करपली तरी रडू,
नाही करपली तरी.

कॅनडा कॉर्नरच्या गुंजाळ डॉक्टरीणबाई
रिपोर्ट वाचून चष्मा काढतात :
हिमोग्लोबिन पावणेआठ, आणि तुम्ही चालत आलात?
मग गोळ्या सांगतात, गर्भाशयात बसवायचं ते सांगतात,
आणि ही हार्मोनची क्रीम, मनगटाला चोळायची.
"हिनं रडू थांबेल कदाचित.
रक्ताचं वचन देत नाही. सोनोग्राफी आधी."
कदाचित म्हणणारी डॉक्टर
मला पहिल्यांदाच भेटली.

रात्री वाटाण्याएवढी काढली.
सासरे म्हणाले, गुडघ्याला चालेल का गं?
हसले. एवढी हसले की
खाली भळकन आलं,
तशीच ओट्याला धरून उभी राहिले
मनगट हुंगत. वास कसलाच नाही.

सोनोग्राफी सोमवारी, सकाळी नऊला.
टाइमकीपरला गाठायला हवं :
दादा, पाळी बदलून मिळेल?