पान उलटणारा

टॉडमॉर्डनच्या चॅपलमध्ये, बुधवारी, दुपारी अडीचला
मी हेस्टर ऑग्डेनबाईंच्या डावीकडे बसतो,
खुर्चीच्या कडेवर, अर्धाच.
काम एवढंच, पान उलटायचं.
एरवी मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो,
पाच-पाचच्या ढिगांनी,
चुकलो तर कुणी जिवानिशी जाईल अशा बेताने.

बाई अठ्ठ्याऐंशीच्या.
बोटांचे सांधे आल्याच्या कुड्यांसारखे.
पियानोच्या वरच्या दोन पट्ट्या मुक्या,
आणि मेट्रोनोम दाराला अटकाव म्हणून लावलेला,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.

त्यांचा डावा हात आधी पडतो.
उजवा मागून येतो.
कितीसा मागून?
निसरड्या उतारावर म्हातारं जोडपं उतरतं ना,
त्याने पाय रोवायचा,
मग तिने,
तेवढा.

सुरुवातीला मला वाटलं, वय झालं.
मग एकदा त्यांनी मुद्दाम दोन्ही हात एकदम टाकून दाखवले.
स्वर तेच. पण कुणीतरी खिडकी लावून घेतल्यासारखं झालं.

आमच्या मिरजेला तंबोरे करणारे
तारेखाली, घोडीवर, सुताचा एक धागा सरकवतात.
इकडे केसभर, तिकडे केसभर,
आणि अचानक लाकूड बोलायला लागतं.
लहानपणी मी त्या ओट्यावर तासन् तास बसलोय,
तेव्हा कळलं नव्हतं की धागा तारेला आवाज देत नाही,
जागा देतो.

चहाच्या टेबलाशी शाळेतला तरुण संगीतशिक्षक म्हणाला,
"हल्ली असं वाजवत नाहीत.
हात एकत्रच पडायला हवेत. जुनी खोड ही."
बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं,
विरघळून तुटायच्या अगदी आत उचललं,
खाल्लं.
उत्तर दिलं नाही.
मला मात्र वाटलं, दिलं.

नोव्हेंबरातली गोष्ट. चॅपलची भिंत आतून ओली,
सतरा माणसं, अंगात ओव्हरकोट तसेच.
निशागीताच्या तिसऱ्या पानाशी
बाईंनी श्वास घेतला (मी त्यांच्या श्वासावर उलटतो,
स्वरलिपी अजून मला नीट येत नाही)
आणि माझ्या बोटात दोन पानं एकदम आली.
चिकटलेली. कधीकाळच्या जॅमने, बहुतेक.

बाई एका स्वरावर उभ्या राहिल्या.
तो विझत चाललेला, तरी उभ्या.
मी नखाने पान सोडवतोय,
कानात माझंच रक्त,
आणि त्या स्वराच्या शेपटाला धरून
सगळं चॅपल पुढे वाकलेलं.

पान सुटलं.
डावा हात पडला.
मग, कितीतरी वेळाने,
उजवा.

नंतर क्लेगसाहेब आले, बसचे निवृत्त ड्रायव्हर,
बायको गेल्याला वर्ष झालेलं.
नाक पुसत म्हणाले, "ती तिथे थांबली ना,
मला वाटलं, माझ्यासाठीच.
मी मागे राहिलो होतो, आणि तिने
धावत येणारा आरशात बघितला."

मी काही बोललो नाही.
जॅमची गोष्ट आज पहिल्यांदा सांगतोय.

बाई हातमोजे चढवत होत्या.
"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "तिथेच अडक."

पुढच्या बुधवारी मी पान वेळेवर उलटलं.
आधीच वाफ देऊन सोडवून ठेवलं होतं, माणूस शेवटी औषधवाला.
तरी त्या थांबल्या.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बाहेर लीड्सची गाडी पुलावरून गेली,
तिची थरथर बाकांच्या लाकडात आली,
संपली,
आणि उजवा हात अजून
हवेत होता.