उपमा पचत नाही

दिवा लागतो. थाळी फिरते.
आतून घरघर नेहमीसारखी, उलट जरा जास्तच.
दोन मिनिटं शून्यावर येतात,
तीनदा पिप् होतं,
आणि गिलक्याची भाजी जशी ठेवली तशीच,
वर तेल थिजलेलं.

निरंजनची दुसरी पाळी. पीथमपूरहून कंपनीची बस
त्याला लोकमान्य नगरच्या वळणावर सोडते
पाऊण वाजता, कधी सव्वा.
चार वर्षं तो स्वतःच गरम करून खातोय.
मी झोपेत ते तीन पिप् ऐकायचे
आणि कूस बदलायचे : आला.

त्या रात्री पिप् झालं. मग परत झालं.
मग परत.
उठून गेले तर हा ओट्याशी वाकून
काचेतून आत बघतोय,
माशांच्या टाकीत बघावं तसा.
"सगळं चालतंय गं," म्हणाला,
"फक्त गरम होत नाहीये."

यावर एक वाक्य मला लगेच सुचलं होतं.
गिळलं. रात्री एक वाजता
उपमा पचत नाही.

गॅस पेटवला, कढई ठेवली.
दुसऱ्या दिवशी गजर लावून उठले. तिसऱ्या दिवशी गजराशिवाय.
बोलायचो म्हणजे काय, काहीच नाही :
शेजारच्या सीटवरचा तिवारी कसा शिट्टी वाजवत घोरतो,
राऊच्या सर्कलला पुन्हा खणलंय,
लोणचं संपत आलंय.
एकदा अर्धा तास नुसतं एका कुत्रीबद्दल.
वळणापासून फाटकापर्यंत रोज त्याला सोडायला येते ती,
एका कानानं लंगडी असल्यासारखी,
पोळीचा तुकडा घेते नि जाते.
चार वर्षांची ओळख म्हणे त्यांची.
मला माहीतच नव्हती.

शनिवारी दुपारी महाराणी रोडहून अकीलभाई आले.
प्लग काढला, मागचा पत्रा सोडवला,
आणि मी हात पुढे करते तोच ओरडले,
"भाभी, रुको!"
टेप गुंडाळलेला पेचकस दोन टोकांवर आडवा ठेवला :
टच्चकन निळी ठिणगी.
"प्लग निकालने से क्या होता है,
ये तो पकड़ के बैठा रहता है."

दाराचे तिन्ही खटके दाबून पाहिले. ठीक.
फ्यूज ठीक.
मॅग्नेट्रॉन, ज्याची मला धास्ती होती दोन हजारांची,
तोही ठीक.
शेवटी निघाला एक डायोड,
करंगळीच्या पेराएवढा, काळा.
वीज एकाच बाजूनं जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम.
तेवढंही जमेना झालेलं.
ऐंशी रुपये त्याचे, अडीचशे येण्याचे.
मग कपभर पाणी आत ठेवून एक मिनिट लावलं,
आणि बोट बुडवा म्हणाले, खात्री करा.
बुडवलं. चांगलंच पोळलं.

ते गेल्यावर मी प्लग पुन्हा काढून ठेवला.
का, ते मला विचारू नका.

"तो मेकॅनिक आला होता का?" रात्री निरंजननं विचारलं.
"येतो म्हणालाय. शनिवारी."
"आज शनिवारच आहे ना?"
"पुढच्या."
तो भुट्ट्याचा कीस चाटून पुसून खात होता,
बोट फुगलेलं बघून म्हणाला, काय झालं?
म्हटलं, कढई.

बुधवारी मला जाग यायला उशीर झाला.
बस लवकर आली असणार,
हा टेबलाशी, ताट झाकलेलं, गार,
पाय खुर्चीच्या दांडीवर, वाट बघत बसलेला.
प्लग मी ठेवलेला तसाच लोंबतोय, जवळजवळ तसाच,
वायरीचा पीळ तेवढा उलटा.
आणि ओव्हनच्या काचेला
आतून थेंब.
बारीक बारीक, एकमेकांत मिसळत खाली घसरणारे.
मागे थाळीवर माझा कानतुटका कप.

मी थेंबांकडे बघितलं. तो लोणच्याच्या बरणीकडे.
"गॅसवरच कर," म्हणाला, "त्याला चव येते."
"हो ना," म्हटलं.
लायटर तिसऱ्या खटक्याला पेटला.
"आज ती आली नाही," तो म्हणाला.
"कोण?"
"अगं, कुत्री."