शेऱ्याचा रकाना

सूरच्या खाडीकाठी, गलबतं बांधायच्या जुन्या जागेमागे
दर शुक्रवारी मी फीत घेऊन जातो.
आठवडाभर कंपनीचे रस्ते मोजतो,
शुक्रवारी मेलेल्यांची जागा.
पगार नाही. बलदियाचा एक कागद आहे
आणि सालिम बिन खमीसची परवानगी.
तो कुंपणापाशी खजूर चघळत बसतो, म्हणतो,
मोज, मोज, ते कुठे पळणार आहेत.

दगडांवर नावं नाहीत.
इथली रीतच तशी : दोन दगड म्हणजे पुरुष,
तीन म्हणजे बाई.
बाकी सगळं वाऱ्याच्या हवाली.
वहीत रकाने आखलेत :
क्रमांक, लांबी, रोख, दगड किती, शेरा.
नावाचा रकाना पहिल्याच दिवशी खोडला,
नुसत्याच रेघा वाढत होत्या.

बाणकोटहून जैनब सारंगचे निरोप येतात.
तिचा पणजा बालामियाँ, फत्तेमारीवर तांडेल.
कौलं भरून निघाला, सूरला तापाने गेला,
घरात ठाऊक ते एवढंच.
साल विचारलं तर म्हणते,
"आमच्या चिंचेवर वीज पडली, त्याच्या आदल्या साली."
चिंच आता नाही.
मी तेही लिहून घेतलं.

एकशे सतरावी कबर उत्तरेच्या टोकाला.
करडे दगड, करडे दगड, करडे दगड,
आणि मग तांबडा.
फीत हातातून सुटली, सरसर आत गेली.
चाचपून पाहिला : खरखरीत, भोकाभोकांचा,
वाळलेल्या मधाच्या पोळ्यासारखा.
माझा बाप नाट्याच्या चिरेखाणीवर होता,
त्याच्या बनियनला हाच रंग, आईने कितीही आपटलं तरी.
जांभा!
बारा वर्षं या मुलखात खणतोय,
माझ्या फावड्याला कधी लागला नव्हता.
तोल राखायला गलबताच्या तळाशी टाकतात,
तसा आला असणार समुद्र ओलांडून.

फोटो पाठवला. बाणकोटात घरभर रडारड.
नाव लिही भाऊ, जैनब म्हणाली, आता नाव लिही.

मग मी दगड मोजले.

तीन.
मधला वाळूत बुडालेला, बोटांनी उकरला,
तोही तांबडाच.
सालिमला विचारलं. बी थुंकून म्हणाला, बाई.

फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"गलबतावर आमच्यातली बाई कशी जाईल?"
तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज :
"का? हवाबी नव्हती गेली?"
कोण हवाबी, मी विचारेपर्यंत
कुणीतरी तिला गप्प केलं होतं.

तीन शुक्रवार झाले, निरोप नाही.
बालामियाँ अजून सापडायचाय,
दक्षिणेकडच्या दोनशे बाकी आहेत.
११७ पुढे लिहिलंय :
लांबी पाच फूट दोन इंच. स्त्री. तीन चिरे, जांभा, बहुधा कोकण.
आणि खोडलेल्या रकान्यात, पेन्सिलने, बारीक,
हवाबी, पुढे प्रश्नचिन्ह.
शाईने लिहायचा हक्क माझा नाही.

एक मात्र कुठे बसवावं कळत नाही.
ज्याने कुणी तळातले तीन चिरे उपसून
तिच्या उशापायथ्याशी, पोटाशी रोवले,
त्याची फत्तेमारी परतीच्या वाटेवर
जरा जास्तच हेलकावली असेल.

ऊन चढलंय. सालिम
सावलीत सरकून जागा करतो.