पाठ

येरित्सा बेझेल्याकचा चेहरा
मी पहिल्यांदा नीट पाहिला तो टीव्हीवर.
त्याआधी नऊ वर्षं मला तिची पाठ ठाऊक होती:
नंबराच्या कापडाला चार सेफ्टी पिना,
त्यातली उजवीकडची खालची कायम वाकडी,
आणि घामाचा एक नकाशा, जो तिसऱ्या फेरीत
खांद्यांवरून उतरत कमरेला मिळायचा.
तिची पाठ मला पाठ होती.

पंधराशे मीटर. पावणेचार फेऱ्या.
बक्षिसाच्या ओट्यावर ती मधे, मी एक पायरी खाली,
दोघी समोर बघायचो, झेंड्याकडे.
शेजारी बघायला मला मान वर करावी लागली असती.

ती इद्रियाची, पाऱ्याच्या खाणीच्या गावची.
बाप खाणीत. चमचा तोंडाशी नेताना त्याचा हात थरथरायचा.
आई उशीवर लाकडी टिपऱ्या खेळवत लेस विणायची.
पेपरवाले लिहायचे: पाऱ्यासारखी निसटते पोरगी.
मी येसेनित्सेची, पोलादाच्या भट्टीपाशी वाढलेली.
आमच्याकडे काही निसटत नाही.
तापतं,
मग थंड होतं.

तिचा गुडघा गेला त्या वर्षी
मी पहिली आले.
समोर कुणी नव्हतं.
नजर कुठे ठेवायची तेच कळेना,
आणि शेवटची फीत छातीला लागली तेव्हा वाटलं,
कुणाच्या तरी दोरीवरचं ओलं कापड अंगावर आलं.

टीव्हीवर सुरुवातीला तिला बोलताना धाप लागायची.
खरंच! चार फेऱ्या न थांबता पळणारी बाई
एका वाक्यात दमायची,
आणि वाक्य संपत आलं की वेग वाढवायची,
जुनी खोड.
मग शिकली. शर्यती झाल्या, मग हवामान,
मग प्रश्नमंजुषा, मग ल्युब्लियानाहून सकाळचा कार्यक्रम,
ज्यात पाहुणे केक आणतात आणि ती एक घास खाते.
केस कापले. दात पांढरे झाले.
टेबलाच्या वर येरित्सा, टेबलाखाली पाय,
ते कुणी दाखवत नाही.
धावतं वर्णन म्हणतात तिच्या कामाला.
धावतं ते वर्णन. ती बसलेली.

माझं औषधांचं दुकान आहे.
खोकल्याच्या बाटल्यांवर टीव्ही टांगलाय, आवाज बारीक.
गिऱ्हाइकं विचारतात,
ही बाई पूर्वी पळायची ना हो?
मी म्हणते, हो. बऱ्यापैकी.

गेल्या गुरुवारी तिचीच मुलाखत होती.
मुलाखत घेणारा पोरगा इतका कोवळा
की आम्ही पळत होतो तेव्हा त्याचा पत्ताही नसावा.
म्हणाला, तुम्ही कधीच मागे वळून बघितलं नाही म्हणतात?
ती हसली, टीव्हीवरचं हसणं,
आणि मग गप्प झाली.
चार सेकंद.
टीव्हीवर चार सेकंद फार असतात.
मैदानावर पंचवीस मीटर.

बघायची गरज नव्हती, ती म्हणाली.
मागे एक डावा पाय असायचा.
त्याचा चवडा जरासा घासायचा. खर्र.
तो जवळ आला की मी सुटायचे.
अजूनही झोप लागली नाही की
कान देऊन बघते, येतोय का.

कुणाचा पाय? पोरानं विचारलं,
पण तेवढ्यात जाहिराती लागल्या
आणि दह्याचा डबा हातात धरून
तीच परत पडद्यावर आली,
पोटासाठी उत्तम म्हणत.

पोतोच्निकबाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या.
मागच्या कपाटापर्यंत माझी सहा पावलं.
टीव्हीचा आवाज मी बंद केला.
थांबा हं, म्हटलं, आणते,
आणि गेले,
उजवा,
खर्र,
उजवा,
खर्र.