चोवीस ब्रिक्स

गायझरव्हिलच्या फाट्यावर व्हॅन वळली
तेव्हा ऋजुता कानाशी म्हणाली,
"आई, घोट घ्यायलाच हवा असं काही नाही हं."
बघू, म्हटलं.
माणशी एकशेसाठ डॉलर. मनात गुणाकार चालूच होता.

सोबत ओहायोचं एक जोडपं,
लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आलेलं.
त्याच्या टोपीवर इटलीचा झेंडा, नवाकोरा, दुमड न मोडलेला.
सप्टेंबर. टेकड्या भाकरीच्या पाठीसारख्या करपट,
आणि मधूनच हिरव्या रांगा,
ओल्या केसांत कुणी फणी फिरवून गेल्यासारख्या.

रेन्झो पार्दीनी, वय एक्याऐंशी.
त्याचा आजा लुक्काहून आला तो
ओल्या गोणपाटात बारा काड्या गुंडाळून.
तुम्हाला इटालियन येतं का, टोपीवाल्याने विचारलं.
"शिव्या येतात," रेन्झो म्हणाला, "आणि एक प्रार्थना.
हल्ली गल्लत होते."

दारूबंदी आली तशी
आजीने द्राक्षं पेट्यांत भरून शिकागोला धाडली.
प्रत्येक पेटीत चिठ्ठी:
रस काढून अंधाऱ्या कपाटात वीस दिवस ठेवू नये,
वाईन होण्याचा धोका आहे.
सगळे हसले.
आमच्या कारखान्यातही अशीच एक पाटी होती:
मळीच्या टाकीमागे कामगारांनी सायंकाळी बसू नये.
नवीन माणसाला त्या पाटीमुळेच कळायचं
कुठे बसायचं ते.

मग रेन्झोने खिशातून ती नळी काढली
आणि माझा हात माझ्याआधी पुढे झाला.
एकतीस गळीत हंगाम.
साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकटी बाई,
पहाटेच्या पाळीला स्वेटरवर ॲप्रन.
मणी चिरडला, काचेवर एक थेंब,
झाकण टेकवलं, नळी उन्हाकडे धरली.
आत तेच. वर निळं, खाली पांढरं,
आणि मधली ती रेघ, कुठल्याही देशात तितकीच सरळ.
"ट्वेंटी-फोर," मी म्हटलं.
रेन्झोने डोळा लावला. मान हलवली.
"पॉइंट टू," तो म्हणाला.
पॉइंट टू मी मुद्दामच सोडला होता.
उसाला वीस लागले तरी आम्ही पेढे वाटायचो.

नंतर काऊंटरवर ग्लास फिरवणं.
ओहायोच्या बाईला चेरी लागली, नवऱ्याला चामडं,
ऋजुताला काहीतरी "स्मोकी".
माझी पाळी आली.
बासष्टाव्या वर्षी पहिला घोट.
जिभेला आधी तुरट, सुपारीसारखं,
मग नाकातून मागे फिरून वर आलं ते

महिन्याची एक तारीख. रात्रीचे साडेनऊ.
ह्यांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज.
हे डिस्टिलरीकडे फिटर.
दारातच वेलदोडा चघळायचे, सालासकट, कडाकडा,
आणि माझ्याशी बोलताना तोंड जरा खिडकीकडे.
मला टक्केवारीसुद्धा सांगता आली असती.
कधी सांगितली नाही.
जेवण वाढलं. पगाराचं पाकीट मोजलं.
बाजारातून आणताना वेलदोडे मात्र
दहा ग्रॅम जास्त आणत राहिले.

"आई, नको असेल तर ओत त्या बादलीत."
बादलीत सगळ्यांचं सगळं एकत्र, गढूळ, जांभळं.
आमच्याकडे ताटात टाकत नाहीत.
संपवला.
दुसराही थोडा मागून घेतला, तुलनेसाठी.
लॅबची सवय. एका नमुन्यावर रिपोर्ट देत नाहीत.

परतताना व्हॅनमध्ये टोपीवाला घोरत होता,
बायकोने त्याची टोपी स्वतः घातली होती.
पुलाखालची नदी बारीक.
सात वाजले, म्हणजे कऱ्हाडला सकाळचे साडेसात.
ऋजुताने फोन लावून माझ्या हातात दिला.
पडद्यावर आधी पंखा, मग ह्यांचं कपाळ,
मग अर्धी मिशी.
काय पाहिलंस?
द्राक्षं, म्हटलं. चोवीसची.
बापरे, म्हणाले. नदी आहे?
आहे, सुकलीय.
मी खिडकीकडे तोंड करून बोलत होते.

पलीकडे जरा थांबल्यासारखं झालं.
मिशी पडद्याजवळ आली.
"तोंडात काय आहे तुझ्या?"
"वेलदोडा," मी म्हटलं.